परदेशीपुऱ्यातील पाव

मराठीत ‘परदेशी’ या शब्दाचा एक जुना अर्थ आहे आणि तो आजच्या अर्थाहून निराळा आहे. साता समुद्रांपलीकडचा तो परदेशी असे आपण हल्ली समजतो. परंतु दक्षिणेतील मराठी माणूस कितीतरी पिढ्या उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसालाच परदेशी म्हणत आला. मराठ्यांच्या फौजेतील हिंदुस्थानी शिपाई परदेशी, पेठेतील उत्तरेकडचा मिठाईवालाही परदेशी. इंदूर शहराच्या गिरणीभागात परदेशीपुरा नावाची मोठी वस्ती आहे. तिचे नाव ऐकले की मला प्रथम मौज वाटते ती हीच, की हे नाव ज्या भाषेत सहज समजते ती भाषा बोलणारे आम्ही होळकरांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून माळव्यात आलेलो, म्हणजे या भूमीत आम्हीही परदेशीच. माळवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याण मिल या गिरण्यांच्या भोंग्यांवर या भागाचे दिवस एके काळी उगवत व मावळत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशाचा निकाल लागून रक्कम हाती पडण्यास २०२३ साल उजाडावे लागले. बत्तीस वर्षे चाललेल्या त्या कज्ज्याविषयी एक वकील म्हणून लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आजचा विषय निराळा आहे.

अलीकडे इंदूरच्या वस्त्यावस्त्यांतून फ्रेंच धर्तीची छोटी उपाहारगृहे निघू लागली आहेत. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातील खाऊगल्ली यांवर पोसलेल्या या शहरात, परदेशीपुऱ्याच्या बाजूसही, काचेच्या कपाटात मांडलेले क्रोसाँ, फळांचे तळपाव, लोण्याच्या पापुद्र्यांचे गोड पदार्थ आणि जोडीला हलके जेवण मिळावे, यात आता कोणाला नवल वाटत नाही. मीही अशा ठिकाणी अधूनमधून जाऊन बसतो. तेथील पाटीवर अंडे घातलेले कोणते व बिनअंड्याचे कोणते हे हिरव्या-तांबड्या ठिपक्यांनी दाखविलेले असते आणि गिऱ्हाईक तो ठिपका पाहूनच मागणी सांगते. पदार्थ कशाचा केला आहे एवढीच चौकशी होते. तो कोणी केला, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी प्रश्न नेमका उलट होता. ‘कोणें रांदलां?’ हा कोकणी घरातील पहिला प्रश्न. पदार्थात काय आहे हा दुसरा, आणि पुष्कळदा तो विचारण्याची पाळीच येत नसे. पहिला प्रश्न मागे कसा पडला, तो कोणी मागे टाकला आणि त्याची किंमत कोणी दिली, हा आपल्या समाजाच्या इतिहासातील एक मोठा प्रसंग आहे. सुदैवाने, अथवा दुर्दैवाने म्हणा, त्या साऱ्या प्रसंगाच्या मध्यभागी एक पाव आहे.

ज्याला आपण फ्रेंच म्हणतो ते तरी कितपत फ्रेंच आहे, हे आधी पाहू. पॅरिसमधील प्रसिद्ध ‘प्रोकोप’ हे कॉफीगृह १६८६ साली काढले ते सिसिलीहून आलेल्या एका इटालियनाने, आणि तेथे विकली जाणारी कॉफी ही अरबस्तान व तुर्कस्तान यांची देणगी. चंद्रकोरीच्या आकाराचा क्रोसाँ हा मूळचा ऑस्ट्रियातील ‘किप्फेर्ल’. ऑगस्ट त्सांग नावाच्या एका व्हिएन्नावाल्याने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिच्या अनुकरणाने तो पदार्थ तेथे रुजला. (हा गृहस्थ पुढे मायदेशी परतला आणि १८४८ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राचा संस्थापक झाला. भट्टीतून छापखान्यात जाणे आपल्याला वाटते तितके अवघड नसावे.) लोण्याचे पापुद्रे घालून त्याचे आजचे रूप सिद्ध केले ते फ्रेंच कारागिरांनी, तरीही पॅरिसचा भटारी अशा सर्व पदार्थांच्या वर्गाला आजतागायत ‘व्हिएन्नाकडचे’ अशाच अर्थाच्या शब्दाने ओळखतो. म्हणजे पॅरिसच्या प्रत्येक बेकरीत एक लहानसा परदेशीपुरा आहेच. व्हिएन्नाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे पाव आला तो पोर्तुगिजांबरोबर, गोव्यात. शब्दही त्यांचाच. गव्हाच्या कणकेला फुगवण्यासाठी लागणारे किण्व येथे नव्हते, म्हणून माडाची सूर त्या कामी वापरली गेली. साष्टी महालात, विशेषतः माजोर्ड्याच्या बाजूस, भट्ट्या पेटल्या; पोदेर नावाचा व्यवसाय उभा राहिला; उंडो, पोयी, कांकण असे घाट ठरले; आणि पहाटे काठी आपटीत वा भोंपू वाजवीत येणारा पोदेर हा गोमंतकातील गावाच्या दिनचर्येचा भाग झाला. मात्र ही दिनचर्या ख्रिस्ती घरांची. देवळाच्या आश्रयाने राहणाऱ्या हिंदू घरात पाव शिरण्यास तीन शतके लागली.

त्याच पोर्तुगीज गलबतांतून बटाटा आला, मिरची आली, काजू, अननस, पपई, पेरू हेही आले. ही सगळी मंडळी अमेरिकेहून आलेली, म्हणजे पावापेक्षाही दूरची. पण अननसाला बाटल्याचा दोष कोणी दिला नाही. काजूगर तर नैवेद्याच्या खिरीत जाऊन बसला. काही देवळांतून व श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही बटाटा, तांबडा टोमॅटो इत्यादी वर्ज्य मानतात हे खरे. परंतु ती त्या त्या पाकघराची शिस्त आहे, बटाटा खाल्ल्याने कोणी जातीबाहेर गेल्याचे ऐकिवात नाही. आणि उपवासाचे काय? साबुदाण्याच्या खिचडीचा विचार करा. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरचीही अमेरिकेची. एकादशीला आमच्या पोटात जे जाते त्यातील जिरे, तूप व मीठ एवढेच काय ते या भूमीचे म्हणता येईल. इंदूरच्या सराफ्यात ही खिचडी रात्री मोठ्या भाविकपणे खाल्ली जाते आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच, की परकेपणा हा पावावरील आक्षेपाचा खरा आधार कधीच नव्हता. कच्चा माल जहाजातून आला व आपल्या चुलीवर शिजला तर तो आपला. पाव मात्र शिजून, दुसऱ्याच्या हातचा होऊन आला. शिवाय त्यात सूर. आक्षेप होता तो हाताला.

या आक्षेपाची धार कोठून आली हे समजण्यासाठी सोळाव्या शतकाकडे वळावे लागते, आणि त्या शतकाविषयी या पत्राच्या वाचकांना नव्याने काही सांगण्याची गरज नाही. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास. नदीपलीकडचे फोंडे तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हते, ते १७६३ पर्यंत गेले नाही, म्हणून देव वाचले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत ते चालले. ख्रिस्ती झालेल्यांनी जुने आचार पाळू नयेत म्हणून १७३६ मध्ये त्याने जो जाहीरनामा काढला त्यात अंगणात तुळस लावू नये इथपासून भात शिजवताना हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा शिजवू नये इथपर्यंत बारकावे होते. राज्यकर्ताच जेथे भातातील मिठावरून धर्म ओळखतो, तेथे प्रजेनेही पावावरून धर्म ओळखावा यात आश्चर्य ते काय?

याच काळाशी जोडलेली एक कथा गोव्यापासून वसईपर्यंत सर्वत्र ऐकू येते. पाद्री रात्री गावच्या विहिरीत पाव टाकीत. सकाळी लोक पाणी पीत. आणि मग ‘तुम्ही बाटलात’ असे त्यांना सांगण्यात येई. ही दंतकथा आहे. न्यायालयात पुरावा म्हणून ती टिकणार नाही. गाव, साल, साक्षीदार काहीच तिच्यात निश्चित नसते. पण दंतकथेची उलटतपासणी घेण्यात एक लाभ असतो. क्षणभर घटना खरी धरू. पाणी पिणाऱ्याने कोणती दीक्षा घेतली नाही, कोणता मंत्र म्हटला नाही, देव सोडला नाही. पाव टाकणाऱ्याचे मत काहीही असो, ते बंधनकारक कोणी केले? शेजारच्या गावाने. ज्यांची विहीर निराळी होती त्यांनी. घरी परत येऊ इच्छिणाऱ्या माणसापुढे दार लावून घेणारा हात पाद्र्याचा नव्हता. विहिरीत पाव पडला असो वा नसो, ही कथा आपण इतकी वर्षे ज्या निःशंकपणे सांगत आलो त्यावरून आपल्यालाही तो न्याय मान्य होता हे दिसते. पुढे मुंबईत गोमंतकीय ख्रिस्त्यांना ‘माकापाव’ म्हणून चिडविण्यात आले. त्यातील ‘माका’ हा शब्द तुमच्या-आमच्या आजीच्या तोंडचा आहे. एकाच बोलीतल्या दोन घरांमध्ये पावाची भिंत उभी राहिली होती, याचा यापेक्षा कडवट पुरावा मला ठाऊक नाही.

हा न्याय पहिल्यांदा उघडपणे कसोटीस लागला तो मुंबईत, १८४३ साली. नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. श्रीपाद अल्पवयीन होता. बापाने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. पण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला होता, म्हणून त्याला जातीत घ्यावयाचे की नाही हा वाद तेथून सुरू झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, स्वतः आचारशील ब्राह्मण, यांनी प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावे अशी बाजू धरली आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. १८४६ मध्ये ऐन तारुण्यात ते वारले. न्यायालयाने बापाला मुलाचा देह मिळवून दिला होता. त्याला पंक्तीत पान वाढण्याचा हुकूम देणे त्या न्यायासनाच्या हाती नव्हते. किंबहुना कंपनी सरकारची ती बुद्धिपुरस्सर नीती होती. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या रेग्युलेशनचे एकविसावे कलम दिवाणी अदालतींना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई करीत होते. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जात गेली तरी वारसा जाणार नाही एवढे अभय दिले. म्हणजे जातिबहिष्कृत माणसाची जमीन सुरक्षित झाली. त्याचे ताट तसेच पालथे राहिले.

याच्या लगोलग, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस मंडळी निघाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. प्रेरणा ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांची. जातिभेद मोडणे हा हेतू. पण सगळा कारभार गुप्त. तिची सर्वांत प्रसिद्ध झालेली रीत अशी, की सभासद होणाऱ्याने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावयाचा. अन्य धर्मांत दीक्षेला पाणी लागते, अग्नी लागतो. येथे पाव लागला! थट्टेने पाहिले तर यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. दार लावून, दिवा बारीक करून, घरी कळणार नाही अशा बेताने पावाचा एक तुकडा गिळणारे ते सुशिक्षित तरुण डोळ्यांपुढे आणा. परंतु त्या तुकड्याबरोबर विवाह, घरचे श्राद्ध, आईच्या हातचे पाणी हे सर्व ते पणाला लावीत होते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि मंडळी धास्तावून पांगली. कित्येकांनी ‘आम्ही त्यातले नव्हेच’ म्हटले असेल. त्यांना मी भ्याड म्हणणार नाही. सात वर्षांनी प्रार्थना समाज निघाला तो दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने, आणि तो उघड होता.

या गुप्त मंडळीत विद्यार्थिदशेत सामील झालेला एक मालवणचा सारस्वत मुलगा पुढे डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर झाला. १८८६ साली प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेस ते युरोपात गेले आणि ती परिषद भरली होती व्हिएन्नात, ज्या नगरीतून तो चंद्रकोरी पाव पॅरिसला गेला त्याच नगरीत. संस्कृताचा हा महापंडित तेथे काय जेवला हे मला महत्त्वाचे वाटत नाही. महत्त्वाचे हे, की त्याच सुमारास आपल्या समाजात समुद्रगमनावरून तट पडत होते, घरे दुभंगत होती, मठांपर्यंत वाद जात होते. १८८५ मध्ये नारायण गणेश चंदावरकर विलायतेस जाऊन आले होते. ‘बोटीवर जेवण कोणी रांधले?’ या एका प्रश्नात त्या सर्व वादाचे मूळ होते. समुद्राला दोष देणे सोयीचे, म्हणून समुद्राचे नाव पुढे केले जाई.

पण या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण पुण्याचे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील पन्नासेक प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती पुढे होणारे महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनच्या बायांनी चहा व बिस्किटे पुढे ठेवली. कोणी प्याले, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला तोंडाशी नेला, कोणी नुसताच पुढ्यात ठेवला. या सगळ्याच्या मागे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे विक्षिप्त पती, होते. त्यांनी बातमी बाहेर नेली, ‘पुणे वैभव’ पत्रात नावे छापून आली आणि शहर हादरले. फिर्याद शंकराचार्यांकडे गेली. त्यांनी शास्त्र्यांचे एक मंडळ नेमले, तेही रीतसर न्यायासन थाटून बसले, आणि वर्ष-दीड वर्ष चहाच्या पेल्याची सुनावणी चालली.

त्या ग्रामण्याचा वृत्तांत मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा वकील म्हणून मला टिळकांच्या बचावाचे कौतुक वाटते. त्यांनी मंडळाचा अधिकार झिडकारला नाही; त्याच्याच शास्त्राने त्याला बांधले. चहा प्यालो हे कबूल. त्याला सांगितलेले प्रायश्चित्त अमुक. ते मी काशीस घेतले. आता पुढे काय म्हणणे आहे, असा तो एकंदर रोख. खटला जिंकण्याची ही उत्तम रीत होय. पण खटला जिंकला तरी घरच्या कार्याला भिक्षुक मिळत नाही आणि लेकीबाळींच्या सोयरिकी अडतात. रानड्यांनी दुसरा मार्ग घेतला. सुधारकांचे ते धुरीण. त्यांनी पाप केले असे ते स्वतः मुळीच मानीत नव्हते. तरीही १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्याबरोबर त्या दिवशी बसलेल्या स्नेह्यांचे संसार अडचणीत आले होते, आणि एकट्याने ताठ उभे राहून त्यांना उघड्यावर सोडणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. सुधारकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. आजही आपण रानड्यांच्या या कृतीला दुबळेपणा म्हणतो. माझे मत तसे नाही. ज्याच्या घरी मुलगी लग्नाची आहे त्याला तत्त्वाचा बळी देऊ नये, एवढेच त्या प्रायश्चित्ताचे तात्पर्य होते. आणि त्या काळी हे समजण्यास चहा पिण्यापेक्षा अधिक धैर्य लागत असावे.

बिस्किट घशाखाली उतरू लागले तरी हाताचा प्रश्न सुटेना. व्यापाऱ्यांनी त्यावर तोड काढली. १८९८ साली दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. पदार्थ विलायती, हात मात्र उच्चवर्णीय हिंदूचा, हेच तिच्या मालाचे आकर्षण. हॉटेलांतही तेच झाले. बाहेर खाणे पूर्वी निषिद्ध. मग ब्राह्मणाचे हॉटेल चालेल असे ठरले. मग आत ब्राह्मणांसाठी निराळी बैठक. दक्षिण कानड्यातून उडुपीची हॉटेले मुंबईत आली ती आचाऱ्याच्या जातीचे अभय बरोबर घेऊन. इराण्याने मात्र असल्या भानगडी ठेवल्या नाहीत. संगमरवरी टेबल, व्हिएन्ना घाटाच्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का व चहा. जो पैसे देईल त्याला जागा. फ्रेंच कॅफेचे आपल्या देशातील खरे वडील बंधू कोणी असतील तर हे इराणीच, आणि नाक्यावरच्या त्यांच्या दुकानांनी पंक्तिभेदाचे जे नुकसान केले ते अनेक सुधारणा परिषदांनी मिळून केले नसेल.

गिरण्यांच्या वस्तीचा विषय आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आणि ती पावाहून गंभीर आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त, पण अस्पृश्य कामगाराला तेथे मज्जाव असे. कारण धोट्यातून सूत ओढून घेताना तोंड लावावे लागे आणि तो धोटा पुढे दुसऱ्याच्या हाती जाई. डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. वरच्या जातींना पावाने बहिष्काराची भीती घातली, तर खालच्या म्हटल्या गेलेल्यांची तीच भीती रोजची भाकरीच कापीत होती. पंचहौदाचा चहा पिऊन प्रायश्चित्त घेता येत असे. ज्याच्या स्पर्शालाच विटाळ ठरविले त्याला कोणत्या काशीस जाऊन काय घेता येणार होते? आपल्या ग्रामण्यांच्या कथा सांगताना आपण ही बाजू नेहमी वगळतो. ज्या महूत त्यांचा १८९१ मध्ये जन्म झाला ते इंदूरपासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा निदान इंदूरकरांनी तरी ती वगळू नये.

शेवटी प्रश्न निकालात काढला तो राज्यघटनेने. पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम सांगते, की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला प्रतिबंध करता येणार नाही. ‘दुकान’ शब्दाची व्याप्ती काय, अशी शंका घटनासमितीत निघाली तेव्हा आंबेडकरांनी तो शब्द विशाल अर्थाने घ्यावा असे सांगितले: जो मोबदला देण्यास तयार आहे त्याला सेवा मिळालीच पाहिजे. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने उपाहारगृहातील मज्जाव हा दंडनीय अपराध ठरला. परदेशीपुऱ्यातील कॅफेच्या काचेच्या दाराला हे कायदे लावलेले नसतात, पण ते दार त्यांच्यावरच फिरते.

मग देवळाचे काय, असा प्रश्न या पत्राच्या वाचकांच्या मनात येईल, आणि त्याचे उत्तर आपल्याच समाजाच्या एका खटल्यात आहे. मुळकीचे श्रीव्यंकटरमण देवालय गौड सारस्वतांचे. मद्रासच्या मंदिरप्रवेश कायद्याविरुद्ध तेथील विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५७ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. देवालय एका पंथसमाजाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले; तरी दर्शनाचे दार सर्व हिंदूंना खुले राहील असे ठरविले; आणि ज्या मोजक्या विधींत केवळ समाजाच्या लोकांनीच भाग घ्यावयाचा अशी परंपरा सिद्ध झाली, तेवढे विधी समाजाला राखून दिले. मला हा निकाल नेहमी फार सूज्ञ वाटत आला आहे. सोवळे त्याने बुडविले नाही. त्याची हद्द आखून दिली. गर्भगृहाशी, पाकघराशी, व्रताशी त्याचा संबंध असू द्या. विहिरीशी, वाटेशी, हॉटेलाशी नको.

जातिबहिष्काराविषयी मात्र कायद्याचे पाऊल तितके स्थिर पडले नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरविला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, कारण गावकीच्या व जातपंचायतींच्या तक्रारी कोकणपट्टीतून एकविसाव्या शतकातही येतच राहिल्या. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

इंदूरकरांच्या बाबतीत एक गमतीचा धागा राहिला. या शहरात फ्रेंच वस्तू आल्या त्या काही आज नव्हेत. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला तेव्हा रुलमान, आयलीन ग्रे आदी पॅरिसच्या नामांकित कारागिरांचे सामान जहाजे भरून इकडे आले. ब्रांकुशीची शिल्पे महाराजांनी घेतली. ते वैभव राजवाड्याच्या भिंतीआड राहिले. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या इंदूरला त्याचे दर्शन झाले नाही. १९८० मध्ये ते सामान मोनाकोत लिलावात निघाले आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले. राजवाड्यात पुढे केंद्रीय उत्पादनशुल्क व सीमाशुल्क खात्याची कचेरी आली. त्या खात्याच्या हिशेबी साध्या पावावर कर नाही. केक-पेस्ट्री, बिस्किटे यांच्या मालावर मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत अठरा टक्के कर होता, तो त्या महिन्यात पाच टक्क्यांवर आला. आता लोण्याचे पापुद्रे असलेला पदार्थ पावात मोडतो की पेस्ट्रीत, यावर वकिलांनी वाद घालावा एवढे क्षेत्र अजून शिल्लक आहे.